बठ्ठा गोल काया!

आमच्या घरात परीक्षेला दोनच माणसं घाबरतात: परीक्षा देणारी आणि तिला धीर देणारा.

देणारी म्हणजे आमची ओवी, वय वर्षं आठ. धीर देणारा मी, तिचा बाप. तिसरीच्या मुलांसाठी कुठलीशी स्पर्धा परीक्षा होती आणि तिचं नाव मीच हौसेने घातलं होतं. तेव्हापासून ओवीचं जेवण निम्म्यावर आलं. शाळेत उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवायचा सराव होता, त्या दिवशी तर तिला चक्क ताप भरला. "बाबा, पेपर बघून मला रडूच आलं तर?" हे ती दात घासतानासुद्धा विचारायची. मला तिच्या गुणांची काडीचीही पर्वा नव्हती. (बरं, थोडी होती.) पण पोरगी वर्गातून रडत बाहेर येऊ नये, एवढं मात्र अगदी मनापासून वाटत होतं.

म्हणून मी घरातच परीक्षा भरवली. सोफा भिंतीला लावला, मधोमध टेबल-खुर्ची मांडली, ताटावर लाटणं आपटून घंटा दिली आणि पर्यवेक्षकाच्या आवाजात गरजलो, "कोणीही मागे बघायचं नाही!"

मागे फक्त फ्रिज होता. ओवीने त्याच्याकडे पाहिलं आणि जे भोकाड पसरलं!

"अहो, तिला धीर देताय की अटक करताय?" बायको स्वयंपाकघरातून कडाडली.

शेवटी शिंदखेड्याहून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून घेतलं. घाबरलेल्या माणसाला आणि बिथरलेल्या बैलाला शांत करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मी त्यांना नमुन्याची उत्तरपत्रिका दाखवून सांगितलं, "गोल पूर्ण भरायचा. कडेला पांढरं राहिलं तर मशीनला वाचता येत नाही." आबांनी ओवीला जवळ घेतलं आणि हेच आपल्या खान्देशीत सांगितलं.

"घाबरू नको, पोरी. हाई तं एकदम सोपं शे. बठ्ठा गोल काया करजो. कोरं काही ठेवू नको!"

"एवढंच?"

"एवढंच!"

पोरगी खुदकन हसली. कित्येक दिवसांनी हसली! मला इतकं भरून आलं की पुढे काही तपासून बघायचं भानच राहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी धुळ्यातल्या त्या शाळेच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, सगळे आईबाप देवळात बसल्यासारखे गप्प होते. आत जरा कोणी खोकलं तरी मला वाटे, ओवीच रडतेय. माझ्याशेजारी बायको जप करत होती. आबा मात्र निवांत शेंगा फोडत बसले होते. पहिला पेपर सुटला आणि ओवी उड्या मारतच बाहेर आली.

"बाबा, मी रडलेच नाही! आबा म्हणाले तसे बठ्ठे गोल काळे केले!"

मी तिला धरून थांबवलं. "बठ्ठे म्हणजे?"

"सगळे! एका प्रश्नाचे चार, असे सगळ्या प्रश्नांचे. शेजारची मुलगी एकेकच करत होती. वेडी!"

आता खान्देशीत 'बठ्ठा' म्हणजे पूर्ण आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळेही. आबांनी एक म्हटलं, पोरीने दुसरं ऐकलं. (घरात 'शुद्ध बोला, शुद्ध बोला' म्हणून पोरीची ती भाषा अर्धवट ठेवणारा महाभाग कोण, ते विचारू नका.)

"मी एक गोलनं सांगेल व्हतं!" आबांच्या हातातली शेंग खाली पडली.

"म्हणजे माझं चुकलं?" ओवीचा ओठ थरथरायला लागला. डोळ्यांत पाणी जमलं. मागे दुसऱ्या पेपरची घंटा वाजत होती!

"छे, छे! तो पहिल्या पेपरचा नियम," मी घाईघाईने थाप मारली. "आता नियम बदलला. फक्त एकच गोल काळा करायचा. कितीही वाटलं तरी दुसऱ्याला हात लावायचा नाही. एकच!"

"एकच?"

"एकच!"

ओवीने डोळे पुसले आणि हसत आत गेली. मी विजयी मुद्रेने आबांकडे पाहिलं. पोरांना कसं मोजक्या शब्दांत समजवावं लागतं, यावर त्यांना एक छोटंसं व्याख्यानही दिलं. ते बिचारे मान खाली घालून ऐकत होते.

दुसरा पेपर सुटला. या वेळी ओवी गाणं म्हणत आली.

"बाबा, हा तर कित्ती सोपा! पटकन झाला. मग मी खिडकीतून खार बघत बसले."

"प्रत्येक प्रश्नाला एकच गोल केलास ना?"

"नाही! एकच म्हणालात ना तुम्ही? पहिल्या प्रश्नाचा केला. दुसऱ्याला हातसुद्धा लावला नाही!"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. ओवी मात्र माझा हात ओढत विचारत होती, "परत कधी आहे परीक्षा?" खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पोरीचा एवढा अभिमान वाटला की पेपर कसे गेले, हे विसरूनच गेलो.

निकालाने आठवण करून दिली. पहिल्या पेपरात शून्य, दुसऱ्यात एक. म्हणजे शिकवण्याच्या बाबतीत मी आबांपेक्षा एका गुणाने सरस आहे, आणि हे मी नाही म्हणत, मशीन म्हणतंय!