छानछोकीचा पाहुणा

छानछोकी हा शब्द शहरातल्या लोकांना गोड वाटतो. चांगलंचुंगलं घालायची हौस, एवढाच त्यांचा अर्थ. आमच्या पिंपळवंडीत मात्र एखाद्या पोराला छानछोकी म्हटलं की त्याचं लग्न लांबलंच म्हणून समजा. बैलांची शिंगं रंगवली, ट्रॅक्टरला गोंडे बांधले, तर ती हौस. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून टोमॅटोचा क्रेट उचलला नाही, तर ती छानछोकी. माझे वडील तर हा शब्द शिवीसारखाच वापरायचे.

वारूळवाडीचा मुलगा मला बघायला आला तो पांढऱ्याशुभ्र शर्टात, गॉगल डोक्यावर चढवून, अत्तराचा घमघमाट सोडत. मला तो बघताक्षणी आवडला, खोटं कशाला बोलू! वडिलांनी मात्र कपड्यांकडे बघितलंच नाही. त्यांनी हात बघितले. टोमॅटोचा तोडा, म्हणजे तोडणी, चालू असली की आमच्याकडे सगळ्यांचे हात हिरवे-काळे होतात, आणि ते डाग एका धुण्यात काही जात नाहीत. याची बोटं तर लख्ख, झाडाला कधी लागलीच नसावीत अशी.

पोहे झाले, तो अंगणातल्या नळावर हात धुवायला गेला, तेवढ्यात वडील स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "छानछोकी हाय पोरगं. न्हाई जमायचं." आईनं टॉवेल द्यायला मला बाहेर पिटाळलं. डोळे भरलेले, वर बघायची सोय नव्हती, म्हणून मी टॉवेलकडेच बघत राहिले.

त्यानं साबणाचे हात पुसले आणि पांढऱ्या टॉवेलवर पिवळे-हिरवे पट्टे उमटले. वरचा काळेपणा निघाला तरी कातडीत मुरलेला रंग असाच सुटतो. आमच्या घरातला एकही टॉवेल त्यातून वाचलेला नाही, मला काय कुणी सांगायला हवं होतं! हात कशानं घासले, मी विचारलंच. तो लाजला. सकाळी तोडा उरकून डाग काढायला हातांवर कच्चे टोमॅटो चोळत बसला होता म्हणे, तुमच्याकडं यायचं म्हणून.

मी तडक आत गेले आणि टॉवेल वडिलांपुढं धरला. त्यांनी तो चोळला, नाकाला लावला, आणि बाहेर गेले. मी दाराआड कान देऊन उभी राहिले.

"पावणं," वडील म्हणाले, "पुढच्या वेळी हात घासून येऊ नका."

पुढच्या वेळी, म्हणाले! माझा जीव भांड्यात पडला.