रंगूनहून आलेल्या नणंदबाई

घरातलं एक माणूस धर्मानं वागायला लागलं की बाकीच्यांचे हाल कुत्रं खात नाही. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी आमच्या थोरल्या नणंदबाईंबरोबर एका चुलीवर महिनाभर काढून बघायला हवा होता. मी पाच वर्षं काढली.

बाईंचे यजमान रंगूनला भाताच्या गिरणीत कारकून होते. ते तिकडेच वारले, पुढे लढाई पेटली आणि बाई अनसिंगला भावाच्या, म्हणजे आमच्या घरी आल्या. सामान म्हणाल तर एक वळकटी आणि शेजारच्या ब्रह्मी म्हातारीनं शिकवलेली बुद्धाची पाच शीलं. वळकटी कोपऱ्यात मावली; शीलं काही घरात मावेनात. जीव मारायचा नाही म्हणून बाजेतले ढेकूण त्या वाटीत वेचत आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे सोडून येत. "त्याहिले बी जीव हाये," म्हणत. असेल, पण भिंतीपलीकडे शेजारीण होती आणि तिलाही जीव होता! जेवताना भाकरीचा तुकडा तोंडात घातला की डोळे मिटायचे, आणि ज्वारी पेरणाऱ्यापासून दळणाऱ्यापर्यंत सगळ्यांची आठवण काढायची. ती ज्वारी जिनं दळली ती मी समोरच उपाशीपोटी टोपलं धरून बसलेली असे, पण डोळे मिटलेल्या माणसाला ते कसं दिसणार? सगळ्यांत मोठा छळ खरं बोलण्याचा. एकदा तीच शेजारीण गूळ मागायला आली. मी आतून 'नाही म्हणा' अशी खूण केली. बाई तिला शांतपणे म्हणाल्या, "गूळ हाये वं, पण हिचं मन नाही." लाजेकाजेस्तव मला अख्खी ढेप द्यावी लागली.

इथवर मी सोसलं. पण माझी मधली लेक लहानपणी तापातून उठली ती डाव्या कानानं अधू होऊन. कारंज्याहून तिला बघायला मंडळी येणार होती. पाहुण्यांकडे तिचा उजवा कान येईल असा मी पाट मांडला आणि बाईंना हात जोडले, "आजच्या दिवस गप राहा." त्या राहिल्याही. पण मुलाची आई उठता उठता नेमकी त्यांच्याकडेच वळली, "पोरीत काही उणं त नाही ना?"

"डाव्या कानानं तिले कमी आयकू येते," बाई म्हणाल्या. "बाकी सोनं हाये."

सोन्याचं कुणी ऐकलंच नाही. दमणीला बैल जुंपले आणि मंडळी गेली.

"तुमच्या शीलापायी माही पोरगी घरात राह्यली!" मी ओरडले. "भावाचं अन्न खाता अन् त्याच्याच घरावर निखारे ठेवता?"

बाईंनी पुढचं ताट बाजूला सारलं. "राग आला मले," त्या म्हणाल्या, "दुपारपावतर जाईन तो. मंग जेवीन." आणि खरंच दुपारी येऊन जेवल्या! असल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

संध्याकाळी लेक माझ्याजवळ आली. "माय, तिथं जनमभर मी कान लपवूनच बसली असती काय?" हे ऐकून मी बाईंवरच आणखी चिडले. पुढच्या वर्षी रिठदची मंडळी आली तेव्हा पोहे देण्याआधीच कानाचं मीच सांगून टाकलं. मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या घरी सारेच वरडून बोलतात, काही अडचण नाही." लग्न झालं, लेक सुखात नांदली. तरी माझी अढी गेली नाही. पोरीच्या वाटणीचं खरं मी बोलायचं, बाईंनी नव्हे, असं वाटत राहिलं.

शेवटच्या दुखण्यात बाईंना मीच पेज भरवत होते. एका सकाळी त्यांनी विचारलं, "कारंज्याचा राग गेला का वं?"

"गेला," मी म्हटलं.

त्यांनी नजर वर करून माझ्याकडे पाहिलं. आता त्या माझं खोटं तोंडावर बोलून दाखवणार म्हणून मी धास्तावले. पण बाई एवढंच म्हणाल्या, "बरं," आणि पुढच्या घोटासाठी तोंड उघडलं. चार दिवसांनी त्या गेल्या.

राग पुढे केव्हातरी गेला, अगदी खरोखर गेला. तो गेल्याचं माझ्या ध्यानात आलं, तेव्हा ज्यांना ते सांगायचं त्याच राहिल्या नव्हत्या.