आंधीत देवाशी भांडले तेव्हा

यजमान गेल्यापासून ‘देवाची मर्जी’ हे शब्द कानावर पडले तरी माझं डोकं तडकायचं. आम्ही मूळचे भुसावळचे, रेल्वेच्या बदलीने जयपूरला आलेलो. चार दिवसांच्या तापात ते गेले. चारही दिवस मी उशाशी बसून जप करत होते. ज्याने एवढंही ऐकलं नाही, त्याच्यापुढे हात का जोडायचे?

आमच्या विद्याधर नगर वस्तीत सकाळी फिरताना दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या: शेजारच्या मीनाजी आणि साताऱ्याच्या सुनंदाताई, त्यांचे यजमान फौजेत. ओळख जेमतेम महिन्याची. वैशाखात एकदा ऊन उतरल्यावर त्या मला आमेरकडच्या डोंगरावर घेऊन गेल्या. अर्ध्या चढणीवर कळलं, वर देवीचं मंदिर आहे.

“आधी सांगितलं असतं तर आला नसतात,” सुनंदाताई हसल्या.

ते हसू मला झोंबलं. “फसवून देवाच्या दारात नेता मला?” म्हणत मी एकटीच तरातरा उलटी फिरले, आणि रागात वाट सोडून भलतीकडेच गेले.

आभाळ पिवळं पडलेलं मला दिसलंच नाही. आंधी आली. डोळ्यांत, तोंडात धूळ; पुढे केलेला हातही दिसेना. पाठोपाठ गारा. तरी मी थांबले नाही. चालता चालता देवावरच ओरडू लागले, “त्यांना नेलंस ना? मग मलाही ने! आहेस तरी का तू?”

“बैठ जा! वहीं बैठ जा!”

आवाज इतका करडा होता की मी मटकन खाली बसले. कुणीतरी दंड धरून मला मागे ओढलं. बकऱ्या चारणारी एक म्हातारी होती. खडकाच्या आडोशाला तिने मला आपल्या ओढणीखाली घेतलं आणि वर खडसावलंही, “मरने आई है क्या?” मी रडत रडत सगळं बोलून टाकलं. ती म्हणाली, “लड़ ले उससे. पर बैठ के लड़.”

धूळ निवळली तेव्हा पाहिलं, मी बसले होते तिथून दोन पावलांवर कडा तुटलेला होता.

तिने मला वाटेवर आणून सोडलं. मैत्रिणी मला हाका मारत येत होत्या. सुनंदाताईंचा घसा बसला होता, मीनाजींच्या कपाळावर गार लागून रक्त आलं होतं. त्यांनी माझी माफी मागितली, मी त्यांची. वळून पाहिलं तर म्हातारी कळपासह उतारापलीकडे गेली होती. तिचं नाव विचारायचंही राहिलं.

यजमान का गेले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. शरण जायचं म्हणजे राग गिळायचा, असं मी समजत होते. तो गिळला गेला नाही. तसाच देवाच्या पायाशी नेऊन आपटला, आणि त्याने तोही घेतला. माझे एवढे शिव्याशाप ऐकून ज्याने मला मरू दिलं नाही, त्याचे उपकार मी मानते. अजून रागावूनच मानते.