आरशावरचा ठसा

बँकेच्या रांगेत माझ्यापुढच्या माणसाने चष्म्याच्या काचेवर ‘हाऽ’ करून श्वास सोडला, आणि मला एकदम शेलारकाका आठवले. विद्यापीठ आणि एक कारखाना मिळून आमचं लेझरचं संशोधन चालायचं. आरसे कारखान्याचे, ते घासणारे हात काकांचे. एकदा आठवडाभर लेझरचा किरण आरशावरून नीट परतेना. आम्ही खुशाल कारखान्यावर खापर फोडलं. काका आले. त्यांनी आरसा अलगद कडेने उचलला आणि त्यावर श्वास सोडला. वाफ विरता विरता मधोमध एक ठसा उमटला.

“हे बोट आमच्या कारखान्यातलं नाही मॅडम, फार नाजूक आहे,” काका म्हणाले. मी हात पदराआड घेतला. मग त्यांनीच मला आरसा पुसायला शिकवलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतः घासलेला एक छोटा आरसा माझ्या हाती दिला. जन्मभर काच कडेने धरणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा अंगठा थेट मध्ये टेकला.

अजूनही कधीतरी कपाट उघडून मी त्या आरशावर श्वास सोडते. अंगठा उमटतो, हळूहळू विरतो. तेवढा मी पुसत नाही.