लग्नचुड्याचा भाव

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. शाळा चौथीत सुटली. वेलांट्या चुकतात आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

परळीत स्टेशनमागच्या गल्ल्यांत मी बांगड्या भरायचे. फसवून विकायला नेलेल्या पोरी सोडवणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी मला सांगून ठेवलं होतं की, बांगड्यावालीला कुठल्याही घरात शिरता येतं. काही वावगं दिसलं तर एसटीडी बूथवरून फोन कर. मी चार माणसांत तोंड न उघडणारी. फोन जन्मात केला नव्हता.

एकदा एका भाड्याच्या खोलीत नवरीला चुडा भरायला बोलावलं. पोरगी शिरूरकडची, पंधराची असेल. सोबतची बाई स्वतःला नवऱ्याची मावशी म्हणवत होती, आणि ती डझनामागे दोन रुपये कमी कर म्हणून बसली. लग्नचुड्याला आमच्याकडे भाव करत नाहीत. सांगितलं ते देतात, वर नारळ देतात. तिथंच मला शंका आली. मी पोरीचा हात दाबता दाबता विचारलं, नवरा पाहिलास का?

"न्हाई. लई लांबचा हाय म्हणत्यात."

हिच्या मापाच्या बांगड्या कमी पडल्या, घरून आणते, असं खोटंच सांगून मी बूथ गाठला. पण माझा आवाज ताईंना ऐकूच जाईना. बूथवाल्याने रिसीव्हर काढून घेतला. "ताई, बांगड्यावाली बोलायलीय. काय म्हणते ते मी सांगतो, न्हाईतर तिचं बिल वाढतंय."

परत जाऊन मी मुद्दाम लहान मापाच्या बांगड्या चढवत बसले. सात वाढवल्या, आम्ही फुटल्या म्हणत नाही. "तुला हे काम शिकवलं कुणी?" मावशी खेकसली. तेवढ्यात पोलीस घेऊन ताई दारात उभ्या.

तेव्हापासून मी संस्थेचीच झाले. पोरगीही तिथंच वाढली. अठरा पूर्ण झाल्यावर तिला ठेवता येईना. घरी गेली असती तर बापाने पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात बांधली असती.

"काकू, मला माल उधार द्या. पोट भरलं तर कोण कशाला नेतंय मला?" ती म्हणाली.

मी आठशेचा माल दिला. पहिल्या आठवड्यात विकल्या कमी, वाढवल्या जास्त. हसून हसून आमची पोटं दुखली. मग हात बसला. तिने स्वतःची खोली घेतली. बाप न्यायला आला, तर त्याला चहा पाजून एकट्यालाच गाडीत बसवून दिलं.

दर बाजाराला ती थोडे थोडे पैसे आणून द्यायची. एका सोमवारी शेवटचे तीस रुपये माझ्या हातावर ठेवले आणि मोजा म्हणाली. मी मोजले. आठशे पुरे फिटले.