आधी हात दाखव, मंग बांगडी

लिव ऐश्वर्ये. आन मधीमधी "आजी, हे नको" म्हणू नको. मी सांगते तसं बराबर लिव. तुझ्या बापाचं नाव येईल, तेबी लिव. तुझ्या आईला मी आधीच इचारलंय. ती म्हणली, लिहू द्या आत्या, पोरगी तेरा वर्साची झाली, तिला कळू द्या.

हे कनीजचं हाय, आपल्या कनीज मन्यारनीचं. ती कुरुंद्याला राहती. बांगड्याची पेटी डोक्यावर घेऊन आसपासच्या सात-आठ गावांत पायी फिरती. मी नवी नवरी होऊन आले तवा माझ्या हातात बांगड्या तिच्या सासूनं भरल्या, आन दुसऱ्या वर्सापासून तिनं. उंच बाई, पान खाऊन दात लाल, आन तोंड असं का कुणालाच सोडत न्हाई. अंगठ्याखालचं हाड दाबून हात असा गोळा करती, का बाई ओरडायच्या आत चार बांगड्या मनगटावर गेलेल्या असत्यात. कुणी कण्हलं तर म्हणायची, "बाळंतपणात एवढी ओरडली नव्हतीस, आता काहून ओरडून राहिली?"

तिचा नवरा गुलाम नबी. तोबी मारायचा तिला. एकदा जेवण गार मिळालं म्हणून त्यानं तिचा उजवा अंगठा पाट्यावर दाबून धरला आन वरवंटा घातला. हाड मोडलं. दोन महिने तिला बांगडी भरता आली न्हाई, आन घर तर तिच्याच हातावर चालायचं. दोन महिने तो गडी शेजारच्याच्या दारात भाकर मागत फिरला. तवापासून त्यानं हात उचलला न्हाई. कनीज सांगायची, "माझ्या मर्दाला अक्कल पोटातून आली. बाकीच्याच्या पोटात तर हाय का न्हाई, अल्ला जाणे." सांगताना हसायची, पण त्यो अंगठा अजून वाकडा हाय तिचा.

आता एक रिवाज सांगते, तुमच्या वयाच्या पोरींला ठाऊक न्हाई. लग्नाच्या बाईचं मनगट मोकळं दिसू द्यायचं न्हाई. बांगडी फुटली असं म्हणायचंबी न्हाई, वाढवली म्हणायचं. आपल्या बौद्धवाड्यात, मराठ्यात, मुसलमानात, समद्यात हेच. आन घरात नवरा मारायला लागला का पहिलं काय फुटतंय? बाई तोंड झाकायला हात वर करती, काठी मनगटावर बसती. काचा खाली. मंग सासू काचा झाडून घ्यायची आन मागच्या दारानं कनीजला बलवायची. शेजारनीला दिसायच्या आत हात भरले पाहिजेत. बांगड्या भरल्या का झालं, घरात कायबी झालं न्हाई.

तर कनीजला समद्या गावाचं ठाऊक. कुणाच्या हातावर पाच बोटं उठलीत, कुणाला उलथनं लावलंय, कुणाचं हाड सरकलंय. पण बोलायची न्हाई. बोलणाऱ्या मन्यारनीला दुसऱ्या दिवशी कोण दार उघडल? मान खाली घालून भरायची आन निघायची. वाटंत मला भेटली का म्हणायची, "रमजान-दिवाळीपेक्षा माराचा धंदा जास्त चालून राहिला बाई."

मंग कोमलचं झालं. आपल्या खालच्या आळीतली, वीस वर्साची पोर. हळद शिजवायचे दिवस व्हते. एका महिन्यात कनीजनं तिचे हात तीनदा भरले. तिसऱ्या टायमाला मनगट भाकरीवानी सुजलं व्हतं, बांगडी चढंना. सासू म्हणली साबण लाव. कनीजनं साबण लावून चढवली. पोरगी दात खाऊन बसली. दोन दिसानं तिच्या नवऱ्यानं हळद ओढायच्या फावड्याचा दांडा तिच्या डोक्यात घातला. एकदा न्हाई, तो मोडस्तोवर घातला. पाय घसरून हळद शिजवायच्या कुकरच्या कडंवर पडली म्हणून सांगितलं लोकांनी. पण आमी आंघोळ घातली ना तिला. मागून डोकं हाताला मऊ लागत व्हतं. आन मनगटावर त्या हिरव्या बांगड्या जशाच्या तशा, एकबी फुटली नव्हती. हात वर करायलासुद्धा तिला वेळ गावला न्हाई.

कनीज मैतीला आली, ते हात पाहिले आन भिंतीकडं तोंड करून ओकली.

चार दिसानं ती रूपाबाईच्या घरी गेली. रूपाबाई आपल्या गावची आशा वर्कर, गोळ्या वाटती, बाळंतिणीला दवाखान्यात नेती. दोघी बोलल्या आन असं ठरवलं, का फुटलेल्या बांगड्यासाठी बलावणं आलं तर कनीजनं त्या हातात बांगडी भरायची न्हाई. आधी हात रूपाबाईला दाखवायचा. लागलं असंल तर दवाखाना. मंग बांगडी.

रूपाबाई म्हणली, "तू न्हाई भरलीस तर त्या दुसरीला बलवतील."

कनीज म्हणली, "दुसऱ्या दोघीच हायत. एक हट्ट्याची, एक औंढ्याची. पाहते त्यांच्याकडं."

बाजाराच्या दिवशी तिनं त्या दोघींला गाठलं. हट्ट्याची मुन्नी लई भांडली म्हणं. "तुझी पेटी बंद कर, माझी काहून करतीस? माझ्या घरी खाणारे सात." कनीज तिला म्हणली, "मेलेल्या पोरीच्या हातात माझ्या बांगड्या गेल्या. तुझ्या जायच्या राहिल्यात फकस्त." तिघींनी भाकरीवर हात ठेवून शब्द दिला. पुढं टेम्पोवाल्या अशफाकनं दवाखान्यात न्यायला टेम्पो देतो म्हणलं. बचत गटाच्या बाया आल्या. उपकेंद्राची नर्स आली, तिनं मन्यारनींला नख पाह्यला शिकवलं. नख पांढरं तर रगत तपासायला धाडायचं. गरवार बाईच्या हातावर सूज दिसली तर बीपी मोजायला धाडायचं. कनीज हात हातात घेऊन जे पाहायची, ते डॉक्टरलाबी उशिरा कळायचं. नर्सनं कायतरी समितीचं नाव दिलंतं, आमी तर मनगटाचा गटच म्हणायचो.

आमी म्हणते, पर मी त्यात नव्हते. मी हसायचे त्यांला. म्हणायचे, घरातलं घरात राहू द्यावं. काहून, तर माझ्या घरात माझा पोरगा रत्नपाल व्हता, तुझा बाप.

आता नीट लिव. रुमालानं डोळे पूस आन लिव.

तू पाच वर्साची, शाळेत गेलती. तुझ्या आईला, करुणाला, सातवा महिना चालू. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरची माणसं तिला न्यायला येणार व्हती, बाळंतपणाला. तुझा बाप हळदीला पॉलिश करायच्या कामावरून दुपारीच आला, पिलेला. म्हणला, माहेरी जायचं न्हाई. करुणा म्हणली, डॉक्टरनीनं सांगितलंय, आराम पाहिजे. एवढंच म्हणली. त्यानं बैलाचा कासरा घेतला, गाठीकडून. पहिला पाठीवर, दुसरा मानंवर. तिनं हात वर केले तर मनगटावर. डाव्या हाताच्या समद्या बांगड्या फुटून आत रुतल्या. ती खाली बसली तर पोटात लाथ घातली. दोनदा. मी तिथंच व्हते, चुलीपाशी. "बास रं" म्हणले. जागची उठले न्हाई.

तो बाहेर ओट्यावर जाऊन बिडी पिऊ लागला. मी काय केलं असंल? काचा झाडल्या. तिच्या मनगटातून रगत थांबंना, म्हणून मूठभर हळद दाबली त्यात. काच आतच राहिली आन मी वरून हळद भरली. घरात हळदीचं पोतं, हळदीनं समदं बरं व्हतं हे लहानपणापासून डोक्यात. माझ्या मनात एकच, का उद्या पाव्हणे येणार, हात मोकळे दिसले न्हाई पाहिजेत. कनीज खालच्याच आळीत व्हती. मी तिला बलावून आणलं.

ती आली, पेटी ठेवली, करुणाचा हात हातात घेतला. हळद पुसली. पाहिलं. हात अलगद खाली ठेवला आन पेटी बंद केली.

"रूपाबाईला बलव," म्हणली.

"तू मन्यारीण हायस, तुझं काम कर," मी म्हणले. "उजव्या हातात तरी भर. डाव्यावर पदर घेईल ती."

"माझं काम ह्योच हाय आता. आधी हात दाखव, मंग बांगडी. बोटं हलव गं करुणा. पाहा, दोन बोटं हलंनात तिची. तुला दिसत न्हाई का?"

रत्नपाल आत आला. पेटीवर लाथ मारली. पेटी उलटली, समदं घर काचा. कनीजला केसाला धरून उंबऱ्याकडं ओढलं. ती उंबऱ्याला धरून बसली. तर त्यानं तिचा हात धरला, तोच उजवा, वाकड्या अंगठ्याचा, आन मागं पिरगळला. आवाज झाला, ओली काडी मोडावी तसा. कनीज ओरडली न्हाई. त्याच्या तोंडाकडं पाहून म्हणली, "मोड. हट्ट्याचीबी येणार न्हाई, औंढ्याचीबी येणार न्हाई. तुझ्या बायकोचे हात मोकळेच राहतील. समदं गाव पाहील."

त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली. दात पडला. आन तेवढ्यात मला करुणाच्या लुगड्याखाली फरशीवर रगत दिसलं. मनगटाचं नव्हतं ते. सरकत सरकत पार चुलीपर्यंत आलतं. तिचे डोळे पांढरे होऊन राहिले व्हते. आन माझं पोरगं दुसऱ्या बाईला मारत व्हतं, ह्या बाईला कोणी डॉक्टर पाहू नये म्हणून.

मुसळ कोपऱ्यात व्हतं. मी उचललं आन त्याच्या गुडघ्यावर घातलं. माझ्या पोटच्या पोराच्या. तो पडला, मला शिवी दिली, उठाय लागला. मी परत घातलं, त्याच गुडघ्यावर. मंग उठला न्हाई. कनीज तोंडातलं रगत थुकून म्हणली, "आता जा. रूपाबाई. अशफाक. पळ." मी साठीतली बाई, अनवाणी पळाले. काचा पायात घुसल्या ते मला टेम्पोत बसल्यावर कळलं.

टेम्पोत रूपाबाईनं करुणाचे पाय वर धरले. कनीजनं एका हातानं तिचं मनगट दाबून धरलं, दुसरा हात तिचा लोंबत व्हता. कुरुंद्याच्या दवाखान्यात ठेवून घेतलं न्हाई, सलाइन लावून पुढं मोठ्या दवाखान्यात धाडलं. लेकरू गेलं. मुलगी व्हती. तुझी बहीण. करुणा तीन दिवस हाय का न्हाई अशी व्हती.

चौथ्या दिवशी डॉक्टरीण आन पोलीसबाई आल्या. इचारलं, कसं झालं? करुणानं माझ्याकडं पाहिलं. पांढरी फटक. म्हणली, "पडले मी. बांगड्याच्या काचा..." म्हणायचं तेच म्हणली, जे आमी तिला शिकवलंतं.

मी म्हणले, "पडली न्हाई. माझ्या पोरानं मारलं. कासऱ्यानं मारलं, पोटात लाथा घातल्या. मनगटात काच असताना मी हळद दाबली, म्हणून तिची दोन बोटं निकामी झाली. ह्या मन्यारनीचा हात मोडला त्योबी त्यानंच. लिवा समदं. माझा अंगठा घ्या."

अंगठा घेतला. कोर्टातबी मी तेच बोलले, तो समोर उभा असताना. तो मला आई म्हणून हाक मारत व्हता. साडेतीन वर्सं आत व्हता. आता कुठं हाय मला ठाऊक न्हाई, आन तू शोधू नको.

कनीजचा हात तिरपा जुळला. आता भरायला वेळ लागतो तिला, बाया चेष्टा करतात, तीबी करती. पण मनगटाचा गट चालू हाय. मागच्या वर्सात सहा जणी त्या टेम्पोतून गेल्या आन सहाच्या सहा परत आल्या. त्यात एक मुन्नीची स्वतःची सून व्हती. मुन्नीनंच नेलं तिला, आपल्या पोराला घरात कोंडून.

आपल्या घरी कनीज येती, करुणापाशी बसती, गप्पा मारती. आधी माझ्या हातचं पाणी प्यायची, च्या प्यायची. त्या दिवसापासून न्हाई. मी तांब्या पुढं केला तर म्हणती, तहान न्हाई. करुणा आली, आपल्या त्या दोन ताठ बोटांनी गिलास धरून दिला, का घटाघटा पिती, माझ्यासमोर. ह्याच हातानं मी काचांवर हळद दाबलीती. तिचं बराबर हाय.