वेगाने पळणाऱ्या तीन दीर्घिका

"सर, तिला त्या तीन उडवायला सांगा. उत्तर अगदी पुस्तकातल्यासारखं येईल," माझ्या आधीपासून सरांकडे पीएच.डी. करणारा निखिलदादा माझ्याबद्दल म्हणाला. मी पाठमोरी, फळा पुसत होते.

त्या तीन म्हणजे मी अभ्यासत असलेल्या दीर्घिकासमूहातल्या सगळ्यात वेगवान दीर्घिका. त्यांच्यामुळे माझ्या प्रबंधात विश्वातल्या द्रव्याची घनता अपेक्षेपेक्षा जास्त येत होती.

"विश्व थोडंच तक्रार करायला येतंय!" सरही हसले.

खडूची धूळ खिडकीतल्या उन्हात तरंगत होती. विश्वाच्या मानाने एवढी धूळसुद्धा फार दाट. सगळं द्रव्य सारखं पसरलं, तर मीटरभर लांब-रुंद-उंच खोक्यात जेमतेम हायड्रोजनच्या एक-दोन अणूंएवढं येईल. त्यातलंही बहुतेक दिसत नाही. दिसणारं किती जोरात पळतं, त्यावरून त्याला समूहात धरून ठेवणाऱ्या न दिसणाऱ्याचं वजन ओळखायचं. मग जोरात पळतात म्हणूनच त्यांना काढायचं, हे मला पटेना. या खोलीत मी सहसा बोलत नाही. धूळ हळूहळू खाली बसली.

"सर, त्या समूहातल्या नाहीत असं दुसऱ्या कशावरून दिसलं, तर काढीन," मी म्हणाले. "उत्तर जास्त येतं म्हणून नाही काढणार."